मैदान कोणाचे?

विहीर, तळे, मंदिर आणि शाळा यांचा इतिहास आपल्या चळवळीने लिहिला, कारण ही ठिकाणे तिला झगडून मिळवावी लागली. १९२७ साली महाडचे चवदार तळे आणि १९३० साली नाशिकचे काळाराम मंदिर या दोन लढ्यांचा अर्थ आज शाळकरी मुलालाही सांगता येतो. मैदानाचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही. मैदान ही करमणुकीची जागा, तिच्यात सामाजिक प्रश्न कसला, असे आपण धरून चाललो. वस्तुतः पाण्याच्या वाटपात जी विषमता होती तीच जमिनीच्या वाटपात होती, आणि मैदान ही जमीनच आहे. ती कोणाला द्यायची, कोणत्या नावाने द्यायची, कुंपण कोठे घालायचे आणि तिकीट किती ठेवायचे, या चार निर्णयांतून मैदानावरही माणसांची वर्गवारी होत आली आहे.

ही वर्गवारी समजून घेण्यासाठी मुंबईचे कूपरेज हे फुटबॉलचे मैदान निवडले आहे. जालन्याच्या किंवा परभणीच्या कार्यकर्त्याला मुंबईतल्या एका मैदानाशी काय देणे-घेणे, असा प्रश्न पडू शकेल. त्याचे उत्तर साधे आहे. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही आज महाराष्ट्राच्या फुटबॉलची शिखरसंस्था असून तिचे ठाणे कूपरेजवर आहे. नवीन जालन्यातल्या एखाद्या वस्तीतील मुलाला राज्याच्या संघापर्यंत पोहोचायचे असेल तर त्याची वाट याच संस्थेच्या दारातून जाते. म्हणून ते दार कसे बांधले गेले हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

छावणीचा खेळ

फुटबॉल हा खेळ आपल्या देशात छावणीतून आला. गोऱ्या पलटणींना शिपायांच्या अंगातली रग जिरवण्यासाठी आणि शिस्त राखण्यासाठी या खेळाचा उपयोग होई. पलटण जेथे जाई तेथे चेंडू जाई. छावणीशी आपला संबंधही जुना आहे. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला, त्यांचे वडील रामजी सुभेदार. महारांच्या लष्करभरतीवरील बंदीविरुद्ध अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हेही निवृत्त शिपाईच. गावाने जे नाकारले ते, म्हणजे अक्षरओळख, नियमित पगार आणि अंगावर गणवेश, छावणीने काही पिढ्यांना दिले. पुढे भरती बंद करून तिने ते काढूनही घेतले.

जालना हेही छावणीचे गाव होते. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आजच्या जालना जिल्ह्यातच झाली आणि त्यानंतर निजामाच्या राज्यातल्या कंपनीच्या फौजेचे जालना हे एक महत्त्वाचे ठाणे बनले. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवीन जालना अशी या गावाची मांडणी. याच जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेथेल ही वसाहत उभी केली. निजाम सरकारने दिलेल्या जमिनीवर ती वसली आणि तेथे आलेले धर्मांतरित मुख्यतः मांग आणि महार समाजातले होते. धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, बेथेलची एक गोष्ट आपल्या विषयाशी जुळते. स्वतःची म्हणता येईल अशी मोकळी जागा मिळाल्याखेरीज माणसाला ताठ उभे राहता येत नाही, हे तेथे आलेल्या माणसांना कळले होते. गावात आपल्याला घर बांधण्यापुरती जागा गावकुसाबाहेर मिळे. धावण्यापुरती जागा कोण देणार?

धर्मावर वाटलेली जमीन

आता मुंबईकडे वळू. मुंबईच्या किल्ल्याभोवती तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली जमीन होती. तिला एस्प्लनेड म्हणत. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या. या मोकळ्या जमिनीचे जे तुकडे इमारतींपासून वाचले ते म्हणजे आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही चार मैदाने. कूपरेज या नावाचा मूळ अर्थ पिंपे तयार करण्याचा कारखाना असा आहे. जहाजांवर साठवणुकीसाठी लागणारी लाकडी पिंपे येथे कारागीर बनवीत. म्हणजे शहराच्या सर्वांत प्रतिष्ठित फुटबॉल मैदानाला नाव मिळाले ते हातकामाच्या धंद्यावरून. त्या कारागिरांची आठवण मात्र नावापुरतीच उरली.

या मैदानांवर पहिला संघर्ष झाला तो चेंडूवरूनच. १८८० च्या आसपास गोऱ्या साहेबांच्या पोलोने एस्प्लनेडची जमीन उखडली जाई आणि तेथेच क्रिकेट खेळणाऱ्या देशी मुलांचे हाल होत. शापुरजी सोराबजी यांच्यासारख्या पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले आणि पुढे १८९७ साली या झगड्याची हकिकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. सार्वजनिक मैदानाच्या हक्कासाठी झालेली ही सनदशीर लढत होती आणि तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

सरकारने मग तोडगा काढला. समुद्र हटवून तयार झालेल्या जमिनीवर, आजच्या मरीन ड्राइव्हला लागून, जिमखान्यांसाठी भूखंड देण्यात आले. १८८० नंतर पारशांना, आणि लॉर्ड हॅरिस यांच्या कारकिर्दीत (१८९० ते १८९५) मुसलमानांना व हिंदूंना. वाटणी धर्मावर झाली. या वाटणीत अस्पृश्य कोठे होता? कागदोपत्री तो हिंदू होता, म्हणून त्याच्यासाठी निराळा भूखंड नाही. व्यवहारात तो हिंदू नव्हता, म्हणून हिंदूंच्या भूखंडावर त्याची जागा नाही. शिरगणतीत मोजायचे आणि पंगतीत उठवायचे, या जुन्या रीतीची ही मैदानी आवृत्ती होती. राखीव जागा म्हटले की आज ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांच्या पूर्वजांनी मुंबईची मोक्याची जमीन जमातीच्या नावावर राखीव करून घेतली होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

पालवणकर बाळू यांचे उदाहरण येथे आठवते. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्याच्या क्रिकेट मैदानाची निगा राखणारे नोकर म्हणून आले आणि गोऱ्या खेळाडूंना सरावासाठी गोलंदाजी करता करता आपल्या काळातले सर्वश्रेष्ठ भारतीय गोलंदाज झाले. १९०६ साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवले त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्याला असताना त्याच बाळूंना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यातून आणि तंबूच्या बाहेर मिळत असे. सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू झेलत, त्यांच्या हाताला लागलेला पेला मात्र घेत नसत. कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. पुढे बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या राजकारणाशी आपला मतभेद आहेच. मैदानावर त्यांनी जे सोसले आणि जे मिळवले ते मात्र आपल्या इतिहासाचा भाग आहे.

रोव्हर्स चषक आणि कुंपणाच्या आतले-बाहेरचे

कूपरेजची कीर्ती झाली ती रोव्हर्स चषक स्पर्धेमुळे. १८९१ साली या स्पर्धेचा पहिला विजेता ठरला तो वुस्टर पलटणीचा संघ. १९०२ साली हारवुड लीग सुरू झाली, आणि १९११ साली रोव्हर्सची व्यवस्था व मुंबईची फुटबॉल संघटना एकत्र येऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षी जुलै महिन्यात कलकत्त्याला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट ही सत्तेची खूण आणि अनवाणी पाय ही गुलामाची, असा समज त्या दिवशी खोटा ठरला.

मुंबईत मात्र रोव्हर्स चषक दीर्घकाळ पलटणींच्याच हाती राहिला. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. भारतीय संघाने हा चषक प्रथम जिंकला तो १९३७ साली. तो संघ कोणत्याही श्रीमंत जिमखान्याचा नव्हता. त्याचे नाव बंगलोर मुस्लिम्स, आणि त्याने १९३८ सालीही विजय मिळवला. १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने हा चषक नेला. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात या विजयांची गणना क्वचितच होते. प्रस्थापित इतिहासकाराला विजेता आपल्या घरचा असावा लागतो, तो परका वाटला की विजयाची नोंद छोट्या अक्षरात होते. आपल्यालाही हा अनुभव नवा नाही.

मुंबईच्या फुटबॉलला खेळाडू पुरवले ते मुख्यतः कष्टकरी थरांनी. धोबी तलावाच्या परिसरात गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती नोकरदारांच्या आणि खलाशांच्या कूडी होत्या, गावागावाच्या नावाने चालणाऱ्या. जहाजाची किंवा नोकरीची वाट पाहणारे हे तरुण मैदानाचे खरे धनी होते. त्यात गिरण्यांचे आणि रेल्वेचे कामगार मिसळले. फुटबॉलला बॅट लागत नाही, पॅड लागत नाहीत, पांढरा पोशाख लागत नाही. एक चेंडू बावीस जणांना पुरतो. बाकी लागते ती फक्त जागा. म्हणूनच हा खेळ गरिबाला परवडतो, आणि म्हणूनच जागा गेली की गरिबाच्या हातून तो पूर्णपणे जातो. क्रिकेटमध्ये साहित्याची उणीव देणगीने भागवता येते. फुटबॉलमध्ये जमिनीची उणीव कशानेच भागत नाही.

हैदराबादचे पोलीस आणि १९५६

मराठवाड्याचा कूपरेजशी थेट संबंध येतो तो १९५० पासून. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात होता. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शाळामास्तर होते. छोट्या छोट्या पासांनी खेळायचे, कोणी एकाने चेंडू स्वतःजवळ दाबून ठेवायचा नाही, ही त्यांची शिकवण. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. त्या ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबर १९५६ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ओळीने तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईच्या फुटबॉलचा, टाटा संघाचा खेळाडू.

१९५६ हे वर्ष आपल्या दृष्टीने आणखी महत्त्वाचे आहे. २४ मे रोजी परळच्या नरे पार्कवर बाबासाहेबांनी धर्मांतर ऑक्टोबरमध्ये करणार असल्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबरला नागपूरच्या मोकळ्या माळावर लाखो माणसे बौद्ध झाली. १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात आला. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप देण्यासाठी जनसागर लोटला. एका वर्षातल्या या घटनांपैकी किती घटना मोकळ्या जागेवर घडल्या, हे पाहण्याजोगे आहे. ज्यांना सभागृहे नव्हती त्यांचा इतिहास उघड्या मैदानावरच घडला.

आपली मैदाने

कूपरेजला कुंपण होते, तिकीट होते, साहेबांसाठी सावलीची जागा होती. त्याच मुंबईत गिरणगावाची मैदाने निराळी होती. परळचे कामगार मैदान, नरे पार्क, नायगाव आणि वरळी येथील बी.डी.डी. चाळींमधली पटांगणे. १९२० नंतर बांधलेल्या या चाळींत एकेका खोलीत आठ-दहा माणसे राहत. त्यामुळे पटांगण ही चैन नव्हती, ती खोलीची उरलेली बाजू होती. सकाळी तेथे व्यायाम, संध्याकाळी चेंडू, रात्री भजन, जलसा किंवा सभा. मे १९३६ च्या अखेरीस मुंबई इलाखा महार परिषद दादर-नायगावला भरली, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाची आणि डाव्यांची संयुक्त सभा कामगार मैदानावर झाली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि दंगल पेटली तीही चाळींच्या मैदानावरूनच. चेंडूसाठी मोकळी ठेवलेली जागा सभेसाठी आपोआप मिळत असे. खेळणारी आणि घोषणा देणारी पोरे तीच होती.

गिरण्यांच्या आणि कंपन्यांच्या संघांचाही विचार येथे केला पाहिजे. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे असे संघ कूपरेजवर खेळत. चांगला खेळाडू म्हणजे कायमची नोकरी, असे हे गणित होते. गरिबाच्या मुलाला चेंडूच्या जोरावर भाकरी मिळण्याचा हा एक रस्ता होता. परंतु गिरणीतली जातिव्यवस्था आपल्याला ठाऊक आहे. चांगला पगार असलेल्या विणखात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. ज्या गिरणीत धाग्याला विटाळ होता तिच्या मैदानावर समतेची अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत. संघ विसर्जित झाले. २०१० साली महिंद्र युनायटेडही बंद झाला. रोव्हर्स चषक त्याआधीच, २०००-०१ च्या सुमारास, थांबला होता. चेंडूच्या जोरावर नोकरी मिळवण्याचा रस्ता अरुंद होत गेला, आणि त्याच काळात गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले.

आजचे कुंपण

कूपरेज आज कृत्रिम हिरवळीचे मैदान आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तिच्यातले मुंबईकडचे सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. हिरवळ, प्रकाशझोत, खुर्च्या यांना आपला विरोध असण्याचे कारण नाही. खेळाडूला चांगली जमीन मिळालीच पाहिजे. प्रश्न एवढाच की त्या जमिनीवर पाय ठेवण्याची किंमत कोण भरतो. पूर्वी जमातीचे नाव विचारले जाई, आता शुल्काची पावती विचारली जाते. ज्याच्याकडे पूर्वी नाव नव्हते त्याच्याकडेच आज बहुधा पावतीचे पैसे नाहीत.

तरीही चेंडू थांबलेला नाही. कूपरेजपासून फार दूर नसलेल्या कुलाब्याच्या आंबेडकर नगर झोपडपट्टीत या शतकाच्या पहिल्या दशकात अशोक राठोड यांनी शाळा सोडणाऱ्या मुलांना फुटबॉलच्या निमित्ताने पुन्हा शाळेकडे वळवण्याचे काम सुरू केले. त्यातून ऑस्कर फाउंडेशन उभे राहिले. नागपूरला २००१ पासून विजय बारसे यांनी झोपडपट्टी फुटबॉल चालवला. नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या ‘झुंड’ या चित्रपटाने तो देशभर पोहोचवला. या प्रयत्नांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पण एका ध्येयवादी शिक्षकाच्या आयुष्यावर जी गोष्ट उभी असते ती त्याच्या निवृत्तीबरोबर आडवी होऊ शकते. दया आणि हक्क यांतला फरक आपण बाबासाहेबांकडून शिकलो आहोत. मैदानाच्या बाबतीतही तो विसरता कामा नये.

मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्याला मोठे, मोकळे, आपले म्हणता येईल असे आवार दिले ते औरंगाबादच्या नागसेनवनाने. १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू करताना बाबासाहेबांनी वर्गखोल्यांपुरती जागा घेतली नाही, विस्तीर्ण माळ घेतला. इमारतीभोवतीची मोकळी जमीन हीसुद्धा शिक्षणाचा भाग आहे, हा विचार त्यामागे दिसतो. ज्याचे पूर्वज गावातून अंग चोरून चालले त्याने छाती भरून धावण्यासाठी जमीन लागते.

म्हणून काही मागण्या आणि काही कामे मांडतो. प्रत्येक जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात दररोज ठरावीक तास शेजारच्या वस्तीतील मुलामुलींसाठी विनाशुल्क राखून ठेवले जावेत आणि त्यांची वेळ दारावर लिहिलेली असावी. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहाला मैदान असल्याशिवाय मंजुरी मिळू नये. विहाराच्या आणि समाजमंदिराच्या आवारातील मोकळ्या जागेवर गाळे बांधण्यापूर्वी समितीने वस्तीतल्या पोरांचा विचार घ्यावा. मुलींसाठी वेगळी वेळ मागावी लागत असेल तर ती मागताना संकोच करू नये. जिल्हा फुटबॉल संघटनांच्या कार्यकारिणीवर आपले शिक्षक आणि जुने खेळाडू निवडून गेले पाहिजेत, कारण संघनिवड तेथेच होते.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक काम आहे. जालना असो, बीड असो की धारावी, आपल्या वस्तीतल्या साठीच्या पुढील माणसांना गाठावे. तुम्ही कोठे खेळत होता, कोणाबरोबर खेळत होता, पाणी कोठे पीत होता, ती जागा आज कोणाच्या ताब्यात आहे, एवढे चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. नगरपालिकेच्या आणि भूमी अभिलेखाच्या कार्यालयात त्या जागेचा उतारा काढावा. मैदानाचा आपला इतिहास या दोन कागदांपासून सुरू होईल, आणि हक्काचा अर्जही त्यांच्याच आधाराने लिहिता येईल.